मराठवाड्याचे ऊन आणि गावाचा वाटा

बीड जिल्ह्यातील परळीचे औष्णिक विद्युत केंद्र 2013 च्या दुष्काळात, आणि पुन्हा 2015 मध्ये, केवळ पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. यंत्रसामग्री शाबूत होती, कोळसा रेल्वेने येऊ शकत होता, कामगार हजर होते. परंतु ज्या खडका बंधाऱ्याच्या भरवशावर हा सारा डोलारा उभा होता तोच आटला, आणि ज्या मुलखात माणसांच्या घशाला कोरड पडली होती तेथे बॉयलरसाठी पाणी मागण्याची सोय कोणालाच उरली नाही. पुढे 2016 च्या एप्रिलमध्ये लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी पुरवावे लागले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. मराठवाड्याच्या विकासाचा विचार करणाऱ्याने या घटना सदैव दृष्टीसमोर ठेवाव्यात. कारण ज्या उद्योगाला विपुल पाणी लागते तो अवर्षणाच्या प्रत्येक फेऱ्यात येथे अडचणीत येणार, आणि दुष्काळातही ज्याची आवक घटत नाही असे एकच नैसर्गिक धन या प्रदेशापाशी आहे, ते म्हणजे ऊन.

या उन्हावर भांडवल गुंतविण्यास मोठमोठ्या कंपन्या आज उत्सुक आहेत, आणि त्यांनी अवश्य यावे असेच माझे मत आहे. 1984 साली दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेषाचा हिशेब मांडला, 1994 साली वैधानिक विकास मंडळे अस्तित्वात आली, 2020 मध्ये त्यांची मुदत संपली. या साऱ्या काळात मराठवाड्याने जे मागितले ते बहुतांशी सरकारी खजिन्यातील आपल्या न्याय्य हिश्श्याच्या स्वरूपात मागितले. आता बाहेरचे भांडवल आपण होऊन वेशीपाशी आले असताना, त्या भांडवलाशी गावाचे नाते काय असावे, जमिनीचे भाडे घेणाऱ्याचे की उत्पन्नातील भागीदाराचे, हा प्रश्न करारनाम्यांवर सह्या होण्यापूर्वी विचारला गेला पाहिजे, आणि तो पुरेशा आग्रहाने विचारला जात नाही.

ज्यांचा शेतीशी प्रत्यक्ष संबंध नाही त्यांना 'दिवसा वीज द्या' या मागणीची तीव्रता सहसा कळत नाही. पौषातल्या थंडीत हरभऱ्याला पाणी द्यावयाचे असते, आणि त्या आठवड्यात थ्री फेज लाइट रात्रीची असते. एका हातात बॅटरी आणि खांद्यावर खोरे घेऊन माणूस चिखलात उभा राहून दारे मोडीत असतो. मध्येच मोटार बंद पडते, मग ओल्या पायांनी स्टार्टरपर्यंत आणि तेथून डीपीपर्यंत जावे लागते. वाटेत सापाविंचवाचे भय असतेच, आणि गोदाकाठच्या उसाच्या पट्ट्यात आता बिबट्याचेही असते. या हालांतून सुटण्यासाठी अनेकांनी मोटारीला ऑटो-स्विच बसविले. परिणाम असा झाला की, लाइट येताच फिडरवरील सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात, रोहित्रावर भार येऊन ते जळते, आणि मग शेतकऱ्यांनी वर्गणी करून, ते जळके रोहित्र ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून तालुक्याला न्यावयाचे आणि बदली मिळेपर्यंत पीक सुकताना पाहावयाचे, हा क्रम ठरून गेला.

या दुखण्यावर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने, जी 2017 साली सुरू झाली आणि पुढे सुधारून विस्तारली गेली, योग्य तोच उपाय शोधला आहे. ज्या उपकेंद्रातून शेतीचे फिडर निघतात त्याच्याच जवळ सौर प्रकल्प उभारावयाचा आणि त्याची वीज दिवसा थेट त्या फिडरवर सोडावयाची. वीज दूरवरून आणावी लागत नाही म्हणून गळती कमी होते. साधारण तीन रुपये युनिटने ती मिळते म्हणून महावितरणचा खर्च आणि शेतीला स्वस्त वीज देण्यासाठी कारखानदारांवर पडणारा बोजा, दोन्ही हलके होण्याचा मार्ग खुला होतो. योजनेच्या तत्त्वाविषयी म्हणूनच मला यत्किंचितही शंका नाही. शंका आहे ती तिच्या मालकीविषयी. 2024 च्या मार्चमध्ये नऊ हजार मेगावॉटहून अधिक क्षमतेची इरादापत्रे देण्यात आली ती बहुतांशी मोठ्या कंपन्यांना; निविदाच अशा बांधल्या होत्या की, एका गावाने एका उपकेंद्रापुरते पुढे येण्यास तेथे जागाच नव्हती. गावाच्या वाट्याला आले ते खाजगी जमिनीचे हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे, त्यावर दरसाल तीन टक्के वाढ, आणि ग्रामपंचायतीस तीन वर्षे दरवर्षी पाच लाखांचे अनुदान. मुरमाड, पोटखराब जमिनीस हे भाडे मुळीच वाईट नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

तरीही थोडा हिशेब करून पाहावा. एक मेगावॉटच्या प्रकल्पास चार-पाच एकर जमीन लागते आणि त्यातून वर्षाला सुमारे पंधरा लाख युनिट वीज निर्माण होते. तीन रुपये दराने तिचे पंचेचाळीस लाख झाले. जमीनमालकाला त्यातून मिळतात ते अडीच लाख. आता समजा, उभारणीचा खर्च चार कोटी धरला, केंद्राच्या कुसुम योजनेतून कोटीभर साहाय्य मिळाले, गावच्या पाचशे सभासदांनी प्रत्येकी वीस हजारांचे भाग घेऊन एक कोटी उभे केले आणि उरलेल्या दोन कोटींचे कर्ज दहा टक्क्यांनी पंधरा वर्षांच्या मुदतीचे काढले, तर हप्त्यापोटी वर्षाला सव्वीस लाख, देखभाल, विमा आणि राखणदारीचे पाच-सहा लाख व जमिनीचे भाडे वजा जाता, स्थूलमानाने दहा लाखांच्या आसपास शिल्लक उरते. परतावा डोळे दिपविणारा नव्हे. परंतु कर्ज फिटल्यावर वीजखरेदी कराराच्या पंचवीस वर्षांपैकी जी दहा वर्षे उरतात त्यांत हीच शिल्लक तीस लाखांवर जाते. आणि ज्या गावाला आजवर सोयाबीनच्या भावापलीकडे दुसरे उत्पन्न ठाऊक नाही, त्या गावाच्या दृष्टीने पावसावर अवलंबून नसलेली ही मिळकत केवढी मोठी आहे हे सांगावयास नको.

अशा मिळकतीपासून गाव बाजूला राहिले की काय होते, याची उदाहरणे महाराष्ट्राला नवी नाहीत. साताऱ्याच्या वांकुसावडे पठारावर पवनचक्क्यांची रांग उभी राहिली तेव्हा भांडवल ओढून आणणारी मुख्य गोष्ट घसाऱ्यावरील करसवलत होती, आणि चक्कीचा मालक बहुधा असा कोणी असे की ज्याने ते पठार कधी डोळ्यांनी पाहिलेही नसेल. धुळे जिल्ह्यात दोंडाईच्याच्या सौर प्रकल्पासाठी जमिनी भाड्याने न घेता संपादित केल्या गेल्या, मोबदल्यात विषमता झाली, आणि विखरणच्या एका वृद्ध शेतकऱ्याने मंत्रालयात विष घेतले. 2018 च्या जानेवारीत त्याचा मृत्यू झाला. त्याचा आक्षेप सौर ऊर्जेला नव्हता. आपल्या जमिनीचे मोल आपल्याला न विचारता ठरविले गेले, एवढेच त्याचे गाऱ्हाणे होते, आणि ते गाऱ्हाणे 1921 च्या मुळशी सत्याग्रहात सेनापती बापटांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या मावळ्यांच्या गाऱ्हाण्याहून निराळे नाही.

येथे प्रवरानगरचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. 1950 च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी कर्जबाजारी शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करून साखर कारखाना उभा केला, तेव्हा हे अडाण्यांचे काम नव्हे असेच सांगितले गेले होते. माझ्या या प्रतिपादनावर एक सबळ आक्षेप मात्र घेता येईल, आणि तो याच भूमीतील आहे: श्रीरामपूर-राहुरी भागात वीजवाटप करणारी मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था थकबाकीच्या ओझ्याखाली खचली आणि 2011 मध्ये तिचा परवाना संपून वाटप महावितरणकडे गेले. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. परंतु त्या संस्थेला हजारो ग्राहकांकडून वसुली करावयाची होती, आणि वसुली व राजकारण यांची गाठ पडली की भल्याभल्या संस्थांची दुर्दशा होते. सौर प्रकल्पाच्या संस्थेला एकच ग्राहक असतो, मीटर उपकेंद्रात असतो, आणि किती युनिट गेले याविषयी वादाला फारसा वाव नसतो. तिची खरी भीती तो एकमेव ग्राहक बिल वेळेवर देईल की नाही, ही आहे.

म्हणूनच अडचणीची जागा नेमकी ओळखली पाहिजे. केंद्राच्या 2019 च्या कुसुम योजनेत शेतकरी, सहकारी संस्था, उत्पादक कंपन्या आणि पंचायती यांना अर्ध्या ते दोन मेगावॉटचे प्रकल्प स्वतः उभारण्याची मुभा आहे. कायद्याची आडकाठी कोठेही नाही. आडकाठी आहे ती बँकेच्या दारात, जेथे वीजखरेदीचा करार हातात असूनही संचालकांच्या सातबाऱ्यावर बोजा चढविल्याशिवाय कर्ज मंजूर होत नाही. सरकारने आता दोन गोष्टी कराव्यात. प्रत्येक तालुक्यातील काही उपकेंद्रे ग्रामसंस्थांसाठी राखून ठेवावीत व त्यांना भांडवल जमविण्यास वर्षभराची मुदत द्यावी. आणि महावितरणकडून येणारी रक्कम स्वतंत्र खात्यात जमा होऊन तिच्यातून कर्जाचा हप्ता प्रथम वळता व्हावा, बिल रखडल्यास तो राज्याने भरावा, एवढीच मर्यादित हमी द्यावी. साखर कारखान्यांना दिलेल्या सरसकट हमीचे काय झाले हे आपण पाहिले आहे. ती चूक पुन्हा नको.

एक गोष्ट याहूनही नाजूक आहे. प्रकल्पांसाठी पहिली नजर गायरानावर जाते, कारण ते सरकारी असते व कागदोपत्री मोकळे असते. प्रत्यक्षात मराठवाड्यातील गायरान क्वचितच मोकळे आढळते. तेथे धनगराची मेंढरे चरतात, आणि दादासाहेब गायकवाडांच्या 1959 च्या भूमिहीन सत्याग्रहापासून ज्या जमिनींवर दलित कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट करीत आली आहेत, ज्यांच्या नावे सातबारा अद्याप झालेला नाही, अशी कसलेली शेतेही तेथेच आहेत. मोजणी होऊन तारेचे कुंपण पडले की ज्वारीचे ते दोन एकर क्षणात सरकारदप्तरी अतिक्रमण ठरते. गावाची संस्था जर केवळ सातबाराधारकांची झाली, तर कंपनीने केला नसता तो अन्याय गावच करील. म्हणून ज्या गायरानावर प्रकल्प व्हावयाचा, तेथील वहिवाटदारांच्या हक्कांचा निवाडा आधी व्हावा, आणि त्यांना व मेंढपाळांना वीस हजारांचा भाग राज्याच्या खर्चाने देऊन सभासद करून घ्यावे. ग्रामसभेचा ठराव त्यांच्या उपस्थितीवाचून ग्राह्य धरू नये, आणि ही अट जिल्हाधिकाऱ्यांच्या जमीन-वाटपाच्या आदेशातच लिहिलेली असावी.