उजेडाला छपरात जागा किती द्यावी?

शेतावरची राखणीची खोली, परसातली अभ्यासाची खोली, शाळेच्या आवारात विज्ञान मंडळाने उभारलेली छोटी कार्यशाळा, अशा घरच्या घरी बांधलेल्या खोल्यांवर हल्ली बहुधा पत्राच चढतो. पत्रा हलका असतो, झटपट बसतो आणि कौलांप्रमाणे दर पावसाळ्यापूर्वी शाकारावा लागत नाही. खोलीत अंधार होऊ नये म्हणून धातूच्या पत्र्यांमध्ये एक-दोन पारदर्शक पत्रे घालण्याची पद्धतही आता सर्वत्र दिसते. पद्धत चांगली आहे. पण ती ज्या रीतीने अमलात येते ती रीत मला चुकीची वाटते.

पारदर्शक पत्रा किती आणि कोठे घालायचा, हे आपल्याकडे कोण ठरवते? बहुतेक वेळा दुकानदार. त्याच्याकडे दहा फुटी पत्रा असतो, तो अख्खाच विकतो, आणि आपण आढ्यापासून वळचणीपर्यंत तो सबंध बसवून मोकळे होतो. ज्याने थोडेफार वाचलेले असते तो एवढीच काळजी घेतो की पत्रा उत्तरेकडच्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या उत्तरेकडील उतारावर यावा. कारण उत्तरेचा प्रकाश थंड असतो असे त्याने कोठेतरी वाचलेले असते. माझे म्हणणे असे की यातली लांबी तर चुकीची आहेच, पण दिशेचा नियमही आपल्या प्रदेशात फारसा उपयोगाचा नाही. या दोन्ही गोष्टी दहावीच्या गणिताने तपासता येतात. वही-पेन्सिल जवळ घ्या.

निरभ्र आकाशात, भर दुपारी, सूर्यकिरणांना काटकोनात धरलेल्या १ चौ. मी. पृष्ठभागावर सुमारे १,००० वॉट शक्तीचे प्रारण पडते. त्याच जागेवरचा उजेड मोजला तर तो सुमारे १ लाख लक्स भरतो. १ लक्स म्हणजे १ चौ. मी. जागेवर १ ल्युमेन प्रकाश. घरातला ९ वॉटचा एलईडी दिवा ८०० ते ९०० ल्युमेन देतो. म्हणजे १ चौ. मी. उन्हात शंभरावर दिव्यांचा प्रकाश असतो! आणि वाचायला आपल्याला किती लागतो? टेबलावर ३०० लक्स असले की पुष्कळ झाले.

आता ३ मी. रुंद आणि ४ मी. लांब अशी एक खोली घेऊ. तिच्यावर दोन अख्खे पारदर्शक पत्रे बसवले, प्रत्येकी ३ मी. लांब आणि एकावर एक चढलेला भाग वगळता ०.८ मी. रुंद. एकूण क्षेत्रफळ ४.८ चौ. मी. पत्रा स्वच्छ असेल तर त्यातून पंचाऐंशी टक्के प्रकाश आत येतो असे धरू. दुपारी खोलीत सुमारे ४ लाख ल्युमेन प्रकाश उतरेल. १२ चौ. मी. जमिनीवर तो पसरला तर सरासरी ३४,००० लक्स! गरजेच्या शंभरपटीहून अधिक. आणि प्रकाश एकटा येत नाही. त्याच्याबरोबर सुमारे ४,००० वॉट ऊर्जा आत येते. १,००० वॉटच्या चार इस्त्र्या चालू ठेवून त्या खोलीत अभ्यासाला बसा म्हणून कोणी सांगितले, तर आपण त्याला वेड्यात काढू. दोन पारदर्शक पत्रे नेमके हेच करतात, आणि वर विजेचे बिल येत नसल्यामुळे ते आपल्या लक्षातही येत नाही.

मग किती जागा पुरेल? १२ चौ. मी. खोलीला ३०० लक्स म्हणजे ३,६०० ल्युमेन. निम्मा प्रकाश भिंती आणि सामान शोषून घेतील असे धरून ७,२०० ल्युमेन घ्या. उत्तर येते ०.०८५ चौ. मी., म्हणजे साधारण २९ सें. मी. बाजूचा एक चौकोन. बस्स!

हे उत्तर कोकणातल्या वाचकांना ओळखीचे वाटेल. मंगलोरी कौलांच्या घरात अंधाऱ्या माजघरावर किंवा स्वयंपाकघरावर एखादे काचेचे कौल बसवलेले असते. १ चौ. मी. छपराला अशी सुमारे पंधरा कौले लागतात. तेव्हा एका काचेच्या कौलाची उघडी जागा ०.०६५ चौ. मी.च्या आसपास भरते. आपल्या हिशेबाला सव्वा कौल लागले! ज्या गवंड्यांनी ती कौले बसवली त्यांनी लक्स आणि ल्युमेनचे नावही ऐकले नसेल, पण उजेड किती पुरतो हे त्यांना ठाऊक होते.

दुसरे उदाहरण याहून गमतीचे आहे. ब्राझीलमधील आल्फ्रेदो मोझेर या यांत्रिकाने २००२ साली छपराला भोक पाडून त्यात पाण्याने भरलेली प्लास्टिकची बाटली बसवली. बाटलीचा वरचा भाग उन्हात, खालचा खोलीत. पाण्यात शेवाळ धरू नये म्हणून थोडे ब्लीच. पाण्यातून वळत आणि बाटलीच्या कडांवर परावर्तित होत प्रकाश खोलीत चारी बाजूंना पसरतो. पुढे २०११ पासून फिलिपिन्समधील वस्त्यांतून पत्र्याच्या घरांवर अशा बाटल्या बसवण्याची मोहीमच निघाली. तिचा उजेड ४० ते ६० वॉटच्या जुन्या दिव्याइतका असतो असे सांगतात. खरे असेल? ९ सें. मी. व्यासाच्या बाटलीचा छेद सुमारे ६४ चौ. सें. मी.; त्यावर १ लाख लक्स म्हणजे ६४० ल्युमेन. जुना ६० वॉटचा दिवा सुमारे ७०० ल्युमेन देत असे. बरोबर जमते.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, की हे सारे मे महिन्यातले झाले, जुलैत काय? प्रश्न योग्य आहे. ढगांनी भरलेल्या आकाशाखाली उजेड सुमारे १०,००० लक्सवर येतो, म्हणजे उन्हाच्या एक दशांश. तेव्हा त्याच खोलीला ०.८५ चौ. मी. पारदर्शक जागा लागेल. म्हणजे उन्हाळ्याला हवे त्याच्या दहापट पावसाळ्याला हवे. एकच माप दोन्ही ऋतूंना कसे पुरणार? माझ्या मते याचे उत्तर एकच: जागा पावसाळ्याच्या हिशेबाने सोडावी आणि उन्हाळ्यात तिचा नऊ दशांश भाग झाकावा. झाकण मात्र बाहेरून, छपराच्या वरून हवे. आतून काळा पडदा लावला तर ऊन आधी खोलीत शिरते, पडद्यात शोषले जाते आणि पडदा खोली तापवतो. शेतकरी होळीनंतर पत्र्यावर झावळ्या किंवा तुराट्या पसरतात आणि मृगापूर्वी त्या काढतात, ते शास्त्राला धरूनच आहे.

आता दिशेचा प्रश्न. उत्तरेच्या प्रकाशाचा नियम खोटा नाही, पण तो थंड देशांतून आला. लंडनमध्ये ऐन जूनच्या मध्यान्हीही सूर्य डोक्यावर येत नाही; तो २८ अंश दक्षिणेकडे कललेला असतो. तेथे उत्तरेकडे तोंड केलेल्या जवळजवळ उभ्या काचेतून दुपारचे थेट ऊन आत येत नाही, फक्त आकाशाचा मऊ उजेड येतो. मुंबईच्या जुन्या कापड गिरण्यांवर करवतीच्या दातांसारखी छपरे असत, त्यातल्या उत्तरेकडच्या काचाही चांगल्या तीव्र उताराने बसवलेल्या असत. आपले पत्र्याचे पाखे मात्र जेमतेम १५ अंश उतरते. त्यातून आपण राहतो कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली पायाखाली जाण्याचा दिवस कोल्हापूरला मेच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास, पुण्याला दुसऱ्या, तर नागपूरला चौथ्या आठवड्यात येतो.

त्या दिवशी दुपारी पुण्यातल्या एखाद्या छपराचे काय होते ते पाहा. किरण आणि पाख्याचा लंब यांतला कोन दोन्ही बाजूंना १५ अंशच. कोज्या १५ म्हणजे ०.९७. उत्तरेचे पाखेही पूर्ण उन्हाच्या सत्त्याण्णव टक्के ऊन घेते! २१ जूनला तर सूर्य डोक्याच्या ५ अंश उत्तरेला असतो, तेव्हा आकाश मोकळे असले तर उत्तरेचे पाखे दक्षिणेच्या पाख्याहून किंचित अधिकच तापेल. उलट डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य ४२ अंश दक्षिणेला असतो. उत्तरेच्या पाख्याला कोन ५७ अंश, कोज्या ०.५४, दक्षिणेच्या पाख्याला २७ अंश, कोज्या ०.८९. म्हणजे उत्तरेचा पारदर्शक पत्रा थंडीत, ऊब हवीशी असताना ऊन अडवतो आणि मे महिन्यात, ते नकोसे असताना आत सोडतो. उधार घेतलेल्या नियमाची अशी गत होते. आपल्याकडे उत्तरेचा प्रकाश हवा असेल तर तो छपरातून न घेता, उत्तरेच्या भिंतीत वळचणीखाली उभी पट्टी सोडून घ्यावा. तशी भिंत करता येत असेल तर छपराला भोक पाडूच नये, असेही मी म्हणेन.

पारदर्शक पत्र्याखालची खोली का तापते, याचे पाठ्यपुस्तकी उत्तर आपल्याला पाठ असते: प्रकाश आत येतो, पण आतल्या वस्तूंचे लांब तरंगलांबीचे अवरक्त प्रारण काच बाहेर जाऊ देत नाही. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. वुड यांनी १९०९ साली दोन पेट्या घेतल्या. एकीवर काच आणि दुसरीवर अवरक्त प्रारण सहज आरपार जाऊ देणारी सैंधवाची चकती. दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या! पेटी तापण्याचे मोठे कारण आतली गरम हवा कोंडून राहणे हेच होते. पृथ्वीच्या वातावरणाची गोष्ट वेगळी आहे, तिची या पेटीशी गल्लत करू नये. आपल्या खोलीला मात्र यातून सरळ उपाय मिळतो: आढ्याखाली गरम हवेला बाहेर पडायला फट आणि खाली जमिनीलगत हवा आत यायला झरोका. अभिसरण सुरू झाले की कोंडलेली उष्णता निघून जाऊ लागते.

धातूच्या पत्र्याबद्दल थोडेच सांगतो. नवा जस्ती पत्रा चकाकतो, म्हणून तो थंड राहील असे वाटते. तो बरेचसे ऊन परतवतो हे खरे, पण चकचकीत धातू स्वतःची उष्णता प्रारणाने बाहेर टाकण्यात अगदी कंजूष असतो. म्हणून उन्हात ठेवलेला स्टीलचा डबा हाताला चटका देतो. पांढरा रंग किंवा चुना दिलेला पत्रा ऊनही परतवतो आणि उष्णताही मोकळेपणाने आकाशाकडे फेकतो. वाचकांपैकी कित्येक जण हा अंक पत्र्याखालीच वाचत असतील. त्यांच्या घराच्या छपरावर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा एक हात, हा मला माहीत असलेला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

बसवण्याच्या बाबतीत दोन गोष्टी भौतिकीच्या आहेत. पहिली प्रसरणाची. ३ मी. लांबीचा लोखंडी पत्रा ४० अंश से. तापमानवाढीने सुमारे दीड मि. मी. वाढतो, तेवढाच पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक पत्रा जवळजवळ ८ मि. मी. वाढतो. दोघांना सारखीच घट्ट भोके पाडून आवळले तर पारदर्शक पत्र्याला भोकापाशी तडे जातात. त्याची भोके बोल्टपेक्षा मोठी आणि वर रुंद वॉशर हवेत. तुकडा १ मी.चा असेल तर हीच वाढ अडीच मि. मी.वर येते, आखूड तुकडा वापरण्याचे हे आणखी एक कारण. वरचा धातूचा पत्रा तुकड्यावर आणि तुकडा खालच्या पत्र्यावर चढला पाहिजे, आणि बोल्ट पन्हळीच्या उंचवट्यावर यावा, पाणी वाहते त्या खोलगट जागेत नव्हे. अतिनील किरणांपासून संरक्षण असलेली बाजू वर येते आहे ना, हेही पाहावे.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १२० कि. मी.पर्यंत होता आणि रायगड-रत्नागिरीत असंख्य छपरे उडाली. या वेगाला हवेचा दाब दर चौ. मी.ला सुमारे ६७० न्यूटन होतो, म्हणजे ६८ किलो वजनाइतका. अर्ध्या मि. मी. जाडीच्या पत्र्याचे वजन दर चौ. मी.ला चार-पाच किलो. छप्पर वजनाने जागेवर राहत नाही, बोल्टने राहते. आणि कडेला ओढ सर्वांत जास्त म्हणून बोल्टही कडेला जवळजवळ हवेत.

शिक्षकांना एक विनंती: मुलांना छपरावर चढू देऊ नये. पारदर्शक पत्रा धुळीने माखला की धातूच्या पत्र्यासारखाच दिसतो, आणि त्यावर पाय देणारा माणूस सरळ खाली येतो. वरची कामे जाणत्या माणसाने फळी टाकून करावीत. मुलांचा प्रयोग जमिनीवरच होण्यासारखा आहे. पुठ्ठ्याचे दोन सारखे खोके घ्यावेत, दोन्हींवर १५ अंश उताराचे पत्र्याचे झाकण बसवावे आणि झाकणात ५ सें. मी. बाजूचे चौकोनी भोक पाडून त्यावर पारदर्शक प्लास्टिक चिकटवावे. एकाचा उतार उत्तरेकडे, दुसऱ्याचा दक्षिणेकडे ठेवून आत एकेक तापमापी टांगावा, पण त्याच्या फुग्यावर थेट ऊन पडू देऊ नये. मेच्या मध्याला आणि डिसेंबरच्या सुट्टीत, दुपारी बाराच्या सुमारास दर दहा मिनिटांनी तासभर नोंदी कराव्यात. मग एका खोक्याचे भोक बाहेरून पांढऱ्या कागदाने आणि दुसऱ्याचे आतून काळ्या कागदाने झाकून त्या नोंदी पुन्हा घ्याव्यात.