कलम लावून धुकं हटत नाही

पावसाळ्यात एखादा अपघात झाला की दुसऱ्या दिवशी ठरलेली मागणी येते: घाला बंदी! 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले आणि पाठोपाठ पुणे जिल्ह्यात जमावबंदीचे आदेश निघाले. धबधब्याच्या तोंडाशी अशी बंदी हवीच. पाण्याचा लोंढा आला की तिथे विचार करायलाही वेळ मिळत नाही. पण तोच कागद सरसकट गडवाटांना चिकटवला की लोक सुरक्षित झाले, हे समजणं भाबडेपणाचं आहे.

नोव्हेंबर 2018 मध्ये हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा दोरानं उतरताना एक गट कड्यातच अडकला. रात्र त्यांना तिथंच काढावी लागली. पावसाळा संपला होता, दोर-सामान हाताशी होतं. कोणत्या पावसाळी बंदीनं त्यांना वाचवलं असतं?

त्याच गडावर ऑगस्ट 2023 मध्ये पुण्याचा एक गट धुक्यात वाट चुकला आणि त्यातला एक जण गारठ्यानं गेला. इथे अनेकांना नवल वाटतं. सह्याद्रीत बर्फ कुठे पडतो? पडायची गरजच नाही. शरीराचं आतलं तापमान 35 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की माणूस धोक्यात येतो, आणि भिजलेली जीन्स, पठारावरचा वारा व रिकामं पोट एवढं त्याला पुरतं. आधी हुडहुडी भरते, मग बोटांनी बॅगेची चेनही उघडत नाही, बोलणं जड होतं. आणि नेमका तेव्हाच तो गडी ‘मला काही झालं नाही’ म्हणत असतो. त्याला पुढे रेटायचं नसतं. ओले कपडे काढायचे, कोरडे घालायचे, कातळावर थेट न बसवता खाली सतरंजी किंवा बॅग सरकवायची, शुद्धीत असेल तर गोड काहीतरी द्यायचं. ‘गरम वाटेल’ म्हणून दारू मुळीच नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला एक कोरडा जोड या वेळी लाखमोलाचा ठरतो.

बंदीचा दुसरा तोटा फारसा बोलला जात नाही. चौकी चुकवायची म्हणून लोक अंधारात आडवाटेनं चढतात, गावात कुणाला सांगत नाहीत आणि हरवल्यावरही दंडाच्या भीतीनं फोन करायला कचरतात.

‘सह्याद्री म्हणजे काय हिमालय आहे का?’ असं विचारणारे शूरवीर वेगळेच. मोबाइलमध्ये वाट उतरवून घेतली की त्यांना वाटाड्या नको असतो. धुक्यात ढोरवाट आणि माणसांची वाट सारखीच मळलेली दिसते. ढोरवाट मात्र कारवीत शिरते आणि कधी थेट कड्याच्या काठावर संपते. हे हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचा, पाचनईचा किंवा खिरेश्वरचा गावकरी चालता चालता ओळखतो. मोबाइल मात्र पावसात भिजतो, आणि बॅटरी संपली की नकाशाही जातो.

मग करायचं काय? राज्याचं साहसी पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं. त्यात सहली नेणाऱ्या संस्थांना नोंदणी बंधनकारक आहे. तेवढं राबवलं तरी निम्मं काम होईल. उरलेलं गडाच्या पायथ्याशी व्हावं. गडावर जाणाऱ्यांकडून उपद्रव शुल्क घेऊन पावती फाडली जाते, त्याच वहीत किती जण, कोणत्या वाटेनं आणि किती वाजता उतरणार एवढं लिहून घ्यायला काय हरकत आहे? परतलेल्याच्या नावापुढे खूण करायची. आज लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या बचाव संस्थांचे स्वयंसेवक हातातली कामं टाकून निघतात, पण शोध बहुधा रात्री घरच्यांचा फोन आल्यावर सुरू होतो. वहीत संध्याकाळी पाचला खूण दिसली नाही, तर गावातली चार पोरं उजेड असतानाच वर निघू शकतील, आणि कोणत्या सोंडेवर शोधायचं हेही त्यांना ठाऊक असेल.