डॉजर स्टेडियमच्या पार्किंगखाली एक शाळा आहे

(पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.)

२०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये ऑलिम्पिक आहे. क्रिकेट सव्वाशे वर्षांनी ऑलिम्पिकमध्ये परत येतंय, त्यामुळे आपल्याकडे चर्चा तेवढीच. क्रिकेट होणार पोमोना नावाच्या गावात, शहरापासून बरंच लांब. बेसबॉल मात्र थेट शहरात, डॉजर स्टेडियमवर. टीव्हीवर तुम्हाला टेकड्या दिसतील, ताडाची झाडं दिसतील, ५६ हजार खुर्च्या दिसतील. कॉमेंटेटर सांगेल, १९६२ चं ऐतिहासिक स्टेडियम. त्या इतिहासातलं जे तो बहुतेक सांगणार नाही, ते आज सांगतो.

बेसबॉल आपला खेळ नाही, मान्य. पण मैदान, जमीन आणि पुढारी हा विषय आपल्याला कुणी शिकवायला नको.

आधी थोडी गंमत. बेसबॉलमध्ये आतला चौकोन मापात असतो, बेस ते बेस ९० फूट. पण पलीकडची भिंत किती लांब, किती उंच, हे ज्याच्या त्याच्या जागेवर. जुनी स्टेडियमं शहरात जशी जागा मिळाली तशी बसवलेली आहेत. बॉस्टनचं फेनवे पार्क १९१२ चं, टायटॅनिक बुडाली त्याच आठवड्यात सुरू झालं. तिथे डावीकडे रस्ता आडवा आला, म्हणून मैदान तिकडे तोकडं आणि भिंत ३७ फूट उंच. हिरव्या रंगाची, म्हणून नाव ग्रीन मॉन्स्टर. त्या भिंतीत आजही माणूस बसून हाताने धावफलक बदलतो. प्रेक्षकांत हजारो हिरव्या खुर्च्यांमध्ये एकच लाल खुर्ची आहे. १९४६ साली टेड विल्यम्सने मारलेला चेंडू तिथे पडला होता, ५०२ फुटांवर.

शिकागोच्या रिगली फील्डची भिंत वेलींनी झाकलेली आहे. चेंडू वेलीत अडकला तर फलंदाजाला दोन बेस, तसा नियमच आहे. १९४५ साली एका गुत्त्याच्या मालकाला त्याच्या बोकडासकट तिथून बाहेर काढलं. त्याने शाप दिला म्हणे. पुढे २०१६ पर्यंत तिथल्या संघाला अजिंक्यपद मिळालं नाही, आणि शहराने सगळं खापर त्या बोकडावर फोडलं! शेजाऱ्यांचा विरोध होता म्हणून १९८८ पर्यंत तिथे रात्रीचे दिवे नव्हते. शेजाऱ्यांचं कुणी ऐकलं, हेच मला बोकडापेक्षा जास्त नवलाचं वाटतं.

या सगळ्या कथा कुणी तयार केल्या? मालकांनी नाही. तिकीट काढून, उन्हात बसून, पिढ्यान् पिढ्या येणाऱ्या लोकांनी केल्या. माझं म्हणणं एवढंच आहे की या कथा लोकांच्या, पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर. आणि अडचणीच्या दिवशी सातबाराच चालतो.

ब्रुकलिनचं उदाहरण घ्या. न्यू यॉर्कच्या या भागात १९१३ साली एबेट्स फील्ड उभं राहिलं. चार्ल्स एबेट्स नावाच्या मालकाने कचऱ्याच्या डबक्याची जागा तुकड्यातुकड्याने विकत घेतली. संघाचं नाव डॉजर्स. १५ एप्रिल १९४७ ला याच मैदानावर जॅकी रॉबिन्सन उतरला आणि मेजर लीगमधली काळ्या खेळाडूंवरची कित्येक दशकांची बंदी मोडली. धावफलकाखाली एब स्टार्क नावाच्या कापड दुकानदाराची पाटी होती : चेंडू इथे मारा, सूट मिळवा. पाटी जमिनीलगत आणि तिच्यासमोर क्षेत्ररक्षक उभा, त्यामुळे सूट काही फारसे वाटावे लागले नाहीत. जाहिरात मात्र अशी झाली की हे शेठ पुढे ब्रुकलिनचे बरो प्रेसिडेंट म्हणून निवडून आले. (आपल्याकडच्या बॅनरवाल्यांनी नोंद घ्यावी.)

पन्नासच्या दशकात मैदान जुनं झालं, गाड्या लावायला जागा नव्हती. मालक वॉल्टर ओमॅली म्हणाला, मी माझ्या पैशाने नवीन बांधतो, मला अटलांटिक आणि फ्लॅटबुश अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावरची जागा एकत्र करून द्या. म्हणजे सरकारने ती संपादित करून द्यावी. न्यू यॉर्कच्या बांधकामांवर तेव्हा रॉबर्ट मोझेसचा शब्द चाले. तो म्हणाला, खासगी स्टेडियम हे सार्वजनिक प्रयोजन होत नाही. नाही म्हणजे नाही. हवं तर क्वीन्समध्ये फ्लशिंगला जा.

‘सार्वजनिक प्रयोजन’ हा शब्द लक्षात ठेवा. भूसंपादनाच्या जाहीर नोटिसा ज्यांनी वाचल्यात त्यांना तो वेगळा सांगायला नको.

मोठ्या माणसांचं जमलं नाही की नवं स्टेडियम उभं राहतं, हे आपल्याकडेही झालंय. मुंबईत ब्रेबोर्न असताना हाकेच्या अंतरावर वानखेडे का आलं? क्लब आणि असोसिएशन यांच्यात सामन्याच्या जागांवरून वाद झाला म्हणून. पण तिथे निदान मुंबईचा संघ मुंबईतच राहिला. ब्रुकलिनचा संघ १९५७ चा हंगाम संपल्यावर सरळ देशाच्या दुसऱ्या टोकाला गेला. १९६० साली एबेट्स फील्ड पाडलं. पाडायचा लोखंडी गोळा बेसबॉलसारखा रंगवला होता. कुणाच्या डोक्यातून ही कल्पना निघाली देव जाणे. आज तिथे इमारती आहेत.

आता लॉस एंजेलिस.

शहराच्या मध्यभागाला लागून चावेझ रॅव्हीन नावाचा टेकड्यांचा भाग होता. पालो वेर्दे, ला लोमा आणि बिशप अशा तीन वस्त्या. हजाराहून जास्त कुटुंबं, बहुतेक मेक्सिकन वंशाची. शहरातल्या बऱ्याच भागांत त्यांना घर विकायचं नाही असे करारच असत, म्हणून लोक इथे राहिले. कोंबड्या, शेळ्या, परसात भाजीपाला, चर्च, शाळा. म्हटलं तर शहर, म्हटलं तर गाव.

जुलै १९५० मध्ये घरोघर पत्रं आली. इथे सरकारी घरकुलं होणार आहेत, तुमची घरं आम्हाला विका, नव्या घरांत पहिला हक्क तुमचा. योजना काही खोटी नव्हती. रिचर्ड न्यूट्रासारख्या नामवंत वास्तुविशारदाने आराखडा केला होता, तेरा तेरा मजल्यांच्या २४ इमारती आणि १६३ दुमजली घरं. गृहनिर्माण खात्यातला फ्रँक विल्किन्सन हा अधिकारी मनापासून त्यामागे होता. लोकांनी कुरकुरत का होईना घरं विकली. बरेच जण गेले.

मग वारं फिरलं. तो काळ कम्युनिस्ट शोधण्याचा. गरिबांना सरकारने घर बांधून द्यायचं म्हणजे कम्युनिझम, असा प्रचार झाला. विल्किन्सनला चौकशीत विचारलं, तू कोणत्या संघटनांचा सभासद? त्याने उत्तर दिलं नाही. नोकरी गेली. पुढे संसदीय समितीपुढेही तो बोलला नाही, त्याबद्दल तुरुंगात गेला. १९५३ साली नॉरिस पॉलसन महापौर झाला तो घरकुलं रद्द करण्याच्या आश्वासनावरच. योजना मेली. रिकामी केलेली जमीन शहराने केंद्र सरकारकडून स्वस्तात परत घेतली, अट एकच : वापर सार्वजनिक प्रयोजनासाठीच.

आणि मग आला ओमॅली. १९५७ मध्ये त्याने हेलिकॉप्टरमधून ही जागा पाहिली. न्यू यॉर्कला जे सार्वजनिक प्रयोजन नव्हतं ते लॉस एंजेलिसला झालं. देश तोच, खेळ तोच, मालकही तोच! जून १९५८ मध्ये शहरात सार्वमत घेतलं, पावणेसात लाखांहून जास्त मतं पडली आणि करार सुमारे २५ हजारांनी पास झाला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही करार वैध ठरवला. म्हणजे कागदावर सगळं चोख. कागदावर सगळं चोख असलेली प्रकरणंच मला पत्रकार म्हणून जास्त छळतात.

मोजकी कुटुंबं हटली नव्हती. ८ मे १९५९ ला शेरीफची माणसं अरेचिगा कुटुंबाच्या दारात आली. ऑरोरा वर्गास या बाईला चौघांनी हातापायाला धरून उचलून बाहेर आणलं. कॅमेरे चालू होते. लगेच बुलडोझरने घर पाडलं. कुटुंबाने तिथेच तंबू ठोकला. शहरात हळहळ सुरू झाली, तेवढ्यात वर्तमानपत्रांत बातमी आली की या कुटुंबाची इतरत्र घरं आहेत. झालं, सहानुभूती आटली. बातमी खरीच होती. पण त्या एका बातमीत बाकीची हजार कुटुंबं कुणाच्या लक्षातच राहिली नाहीत. आमच्या धंद्यात हे चालतं. वस्ती उठवली त्याच्यावर दोन परिच्छेद, आणि उठवलेल्यांपैकी एकाचं दुसरं घर सापडलं की पहिलं पान.

डोंगर कापले, घळी भरल्या. पालो वेर्देची शाळा पाडण्याचाही त्रास घेतला नाही. छप्पर काढलं आणि माती लोटली. तिच्यावर आज गाड्या लागतात. १० एप्रिल १९६२ ला स्टेडियम सुरू झालं. खर्च २ कोटी ३० लाख डॉलर, आणि हे सांगितलंच पाहिजे की बांधकामाचा पैसा ओमॅलीने स्वतः उभा केला. उद्घाटनाला गेलेल्या प्रेक्षकांना एक गोष्ट मात्र सापडेना. पिण्याच्या पाण्याचा नळ. खेळाडूंच्या बसायच्या जागेत होता, प्रेक्षकांसाठी नव्हता. तहान लागली तर विकत घ्या.

मेक्सिकन वंशाच्या कित्येक घरांनी पुढे वर्षानुवर्षं तिथे पाऊल टाकलं नाही. मग १९८१ साली फर्नांडो वालेन्झुएला आला. मेक्सिकोच्या खेड्यातला वीस वर्षांचा गोलंदाज, थोडा जाडगेला, चेंडू टाकताना डोळे आकाशाकडे. ओळीने आठ सामने जिंकला. ज्यांची घरं तिथे गाडली होती त्यांचीच नातवंडं त्याच्या नावाने ओरडायला तिथे गेली. यात कुणी विसरभोळं नव्हतं, की लाचार नव्हतं. खेळाचं असंच असतं. राग असूनही माणूस जातो.

त्यातल्या काही कुटुंबांच्या वंशजांनी ‘बरीड अंडर द ब्लू’ नावाची संघटना काढली आहे. निळा हा डॉजर्सचा रंग. २०२४ मध्ये या कुटुंबांना काही भरपाई देता येईल का, याचा अभ्यास करण्याचं विधेयक कॅलिफोर्नियात मंजूर झालं. राज्यपालांनी सही केली नाही.

तुम्ही म्हणाल, जुनं झालं. नाही हो. फक्त पद्धत बदलली. आता घरं कमी घेतात, खिसा जास्त कापतात. सिअ‍ॅटलचं किंगडोम १९७६ चं. २००० साली सुरुंग लावून पाडलं, पण कर्जाचे हप्ते २०१५ पर्यंत चालू. न्यू यॉर्कमध्ये यांकीजचं २००९ चं नवं स्टेडियम ब्रॉन्क्समधल्या चालू सार्वजनिक उद्यानावर बांधलं. पोरांची धावपट्टी, खेळायची मैदानं गेली. जुन्या स्टेडियमच्या जागेवरचं बदली मैदान २०१२ ला मिळालं. २००६ साली दहा वर्षांचा असलेला पोरगा तोवर सोळाचा झाला.

मायामीची तर तऱ्हाच वेगळी. २०१२ च्या स्टेडियमचा जवळपास तीन चतुर्थांश खर्च सरकारी. स्टेडियमचा राग आणि वाढवलेला मालमत्ता कर यामुळे काउंटीच्या महापौराला लोकांनी २०११ मध्येच मतदान करून घरी पाठवलं, ८८ टक्क्यांनी. संघाच्या मालकाने २०१७ मध्ये संघ १२० कोटी डॉलरला विकला. करारात होतं की विक्रीच्या नफ्यातला ५ टक्के वाटा सरकारला. मालकाने हिशेब मांडला की नफा झालाच नाही! शेवटी कोर्टकचेरी होऊन ४२ लाखांवर तडजोड झाली.

आणि ओकलंड. जून २०२३ मध्ये तिथले सत्तावीस हजार लोक मुद्दाम तिकीट काढून आले आणि मालकाला उद्देशून ‘विकून टाक’ म्हणून ओरडले. दोन दिवसांनी नेव्हाडाच्या राज्यपालांनी लास वेगासच्या नव्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतच्या सरकारी मदतीवर सही केली. सप्टेंबर २०२४ ला ओकलंडमधला शेवटचा सामना झाला. लोकांनी जाताना मैदानाची माती डब्यांतून घरी नेली.

आता खाली कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच, ‘मग काय स्टेडियम बांधायचीच नाहीत का, तुम्ही लोक विकासाच्या आडवे.’ त्यांना ओकलंडच्या समोरचंच गाव दाखवतो, खाडीपलीकडचं सॅन फ्रान्सिस्को. तिथल्या जायंट्स संघाला नवं स्टेडियम हवं होतं. १९८७ ते १९९२ या काळात चार वेळा मतदान झालं, दोनदा सॅन फ्रान्सिस्कोत, दोनदा शेजारच्या भागात. चारही वेळा लोकांनी सार्वजनिक पैसा द्यायला नकार दिला. संघ फ्लोरिडाला जाणार अशी हूलही उठली. मग नवे मालक आले आणि १९९६ मध्ये त्यांनी वेगळा प्रस्ताव ठेवला : जागा बंदराची भाड्याने द्या, बांधकाम आमच्या पैशाने. लोकांनी हो म्हटलं. २००० साली खाडीच्या काठावर स्टेडियम उभं राहिलं. डॉजर स्टेडियमनंतर ३८ वर्षांनी पहिल्यांदा मालकाच्या पैशाने.

उजवीकडची भिंत ओलांडली की चेंडू थेट पाण्यात पडतो. लोक होड्या घेऊन, हातात जाळी धरून वाट बघत असतात. आणि त्याच भिंतीत, काठावरच्या रस्त्याच्या बाजूला, कमानी ठेवल्या आहेत. जाळीतून मैदान दिसतं. येणारा-जाणारा कुणीही तिथे उभा राहून फुकट सामना बघू शकतो. गर्दी असेल तर तीन डाव बघायचे आणि मागच्याला जागा द्यायची.