खायच्या दातांची किंमत

लग्न ठरलेल्या मुलीचा पुढचा दात पडला, की घर उसनेपासने करून आठवड्याभरात तो बसवून घेते. त्याच घरात तिच्या आईच्या दोन्ही बाजूंच्या दाढा गेलेल्या असतात. ती भाकरी आमटीत कुस्करून गिळते आणि त्यात कुणालाच काही वावगे वाटत नाही. बाईच्या दिसण्यासाठी आपल्याकडे पैसा निघतो, तिच्या जेवणासाठी निघत नाही. हा गरिबीचा दोष नव्हे, वृत्तीचा आहे.

दाढ गेल्यावर शेजारचे दात फटीकडे कलतात, समोरचा दात जागा सोडून पुढे येतो, तिथले हाड झिजते. शेंगदाणे, काकडी, मोडाची कडधान्ये ताटातून एकेक करून जातात. अक्कलदाढ गेली तर काही बसवावे लागत नाही, पण चावायच्या दाढेबद्दल "आता या वयात कशाला?" असे म्हणणे निव्वळ क्रूरपणा आहे.

बसवायचे म्हटले तर प्रत्येक उपायाची किंमत आहे. काढता-घालता येणारा दात स्वस्त, पण तो हलतो, हिरडीला टोचतो. ब्रिजसाठी, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने पक्का दात बसवण्यासाठी, बहुधा शेजारचे दोन धडधाकट दात घासावे लागतात. इम्प्लांटमध्ये टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसवतात. स्वीडनच्या डॉ. ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली तो पहिल्यांदा रुग्णाला बसवला. यात शेजारचे दात शाबूत राहतात. मात्र खासगी दवाखान्यात एका दाताला २५-३० हजार रुपये सहज लागतात आणि बहुतेकदा काही महिने थांबावे लागते. मधुमेह आटोक्यात नसला किंवा तंबाखू सुटली नसली, तर इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो. खालच्या जबड्यात नस दुखावली तर ओठ बधिर होऊ शकतो. हे न सांगता "कायमचा दात" विकणारा डॉक्टर आपल्या पेशाशी बेइमानी करतो.

ज्याला हे परवडत नाही तो फुटपाथवरच्या दात बसवणाऱ्याकडे जातो. तिथे शेजारच्या दातांना तार गुंडाळून ॲक्रिलिकचा दात चिकटवला जातो. त्याखाली अन्न कुजते आणि चांगले दातही जातात. नोंदणीशिवाय दंतवैद्यकीला मनाई करणारा कायदा १९४८ मध्येच आला. तरीही हा धंदा चालतो, कारण सरकारी दंत महाविद्यालये मोजक्या शहरांत आहेत आणि आरोग्य विमा सहसा अपघाताशिवाय दाताला हात लावत नाही.

दात जाण्यातही आधीचे पाप आपलेच. २०१२ साली राज्याने गुटख्यावर बंदी घातली, पण तंबाखूच्या मिशरीची डबी सासूकडून सुनेकडे जातच राहिली. किडलेली दाढ रूट कॅनालने वाचत असताना "उपटून टाका, कटकट नको" असे सांगणारेही आपणच.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दात काढण्याबरोबर दात वाचवण्याची आणि कवळी बसवण्याचीही सोय झाली पाहिजे; तशी मागणी ग्रामसभेत ठराव करून लावून धरा. पण ठरावाआधी घरातल्या बाईला विचारा, तिला नीट चावता येते का. नाही म्हणाली, तर पुढच्या लग्नातला मानपान रद्द करा आणि त्या पैशांतून आधी तिचे दात बसवा.