'हुशार, पण लक्ष नसते'

गेल्या वर्षी रक्तदाब तपासून घेण्यासाठी आलेले एक निवृत्त शिक्षक तपासणी संपली तरी खुर्चीतून उठेनात. रक्तदाब नेहमीपेक्षा वाढलेला होता. कारण विचारताच म्हणाले, "डॉक्टर, मुलाने चौथी नोकरी सोडली. बुद्धी आहे, पदवी आहे. चिकाटी तेवढी नाही. आम्हीच कुठे कमी पडलो?"

मी मुलाला भेटायला बोलावले. वय छत्तीस. नवे काम तो उत्साहाने हाती घेई. पण ते पूर्णत्वास नेण्याची वेळ आली की कागद साचत, मुदत टळे, वरिष्ठांची बोलणी खावी लागत आणि अखेर राजीनामा. वडिलांनी जपून ठेवलेल्या प्रगतिपुस्तकांत दरवर्षी एकच शेरा होता: 'हुशार, पण लक्ष नसते.'

या अवस्थेला एडीएचडी म्हणतात. मेंदूच्या विकासाशी निगडित असा हा विकार पुष्कळदा आनुवंशिक असतो. त्याची लक्षणे बाराव्या वर्षाच्या आत दिसू लागतात. वय वाढते तशी धावपळ ओसरते. आतली अस्वस्थता, विसराळूपणा आणि कामाची चालढकल मात्र राहते. आवडीच्या कामात हीच माणसे तासन्‌तास गढून जातात. म्हणूनच घरच्यांना वाटते, 'मनात आणले तर जमते की!' वस्तुतः लक्ष हवे तिथे वळवणे हीच त्यांची अडचण असते.

अर्थात प्रत्येक विसराळू माणसाला हे नाव चिकटवू नये. थायरॉइडचे विकार, अपुरी झोप, नैराश्य, व्यसन यांमुळेही लक्ष उडते. निदान मनोविकारतज्ज्ञांनीच करावे. मेथिलफेनिडेट, अ‍ॅटोमॉक्सेटिन यांसारखी औषधे उपयोगी पडतात; ती घेताना नाडी व रक्तदाब तपासत राहावे लागते. औषधांच्या जोडीला कामाचे लहान तुकडे पाडणे, सूचना लेखी घेणे, मोबाइलमध्ये गजर लावणे हेही हवे.

घरातील वडीलधाऱ्यांनी भावंडांशी तुलना टाळावी. 'लक्षात ठेव' असे दहादा बजावण्यापेक्षा दारापाशी एक फळा लावावा. आणि स्वतःविषयी एक सावधगिरी: साठीनंतर प्रथमच विसरायला होऊ लागले, तर त्याला एडीएचडी समजून स्वस्थ बसू नका; वेळीच तपासणी करून घ्या.

त्या मुलाचे निदान झाले, उपचार सुरू झाले. पाचव्या नोकरीत त्याला आता आठ महिने झाले आहेत. कामाला अजूनही कधीकधी उशीर होतो. पण तो आदल्या दिवशीच वरिष्ठांना तसे कळवतो.

वडील परवा येऊन गेले. रक्तदाब ठीक होता. जाताना दाराशी थबकले नि म्हणाले, "हाच शेरा मीही कितीतरी मुलांच्या पुस्तकांत लिहिला, डॉक्टर. त्यांचे पुढे काय झाले असेल?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते.