नळीची रायफल, जत्रेतले फुगे आणि १८७८ चा कायदा

१/
‘विरंगुळ्याच्या नेमबाजीसाठी नळीच्या मॅगझीनची .२२ रायफल कोणती घ्यावी?’ अमेरिकेत हा प्रश्न दुकानदाराला विचारतात. नगर जिल्ह्यात त्याआधी परवान्यासाठी सरकारी कचेरीची पायरी चढावी लागते. या फरकाची मुळे एकोणिसाव्या शतकात आहेत आणि ती समजून घेतल्याखेरीज निवडीची चर्चा पोकळ ठरते. माझे मत आरंभीच मांडतो: नळीच्या रायफलीचा अभ्यास जरूर करावा, नेम शिकण्यासाठी मात्र एकेक काडतूस भरावी लागणारी रायफल निवडावी, आणि ती कायदेशीरपणे हाती यावी म्हणून रेंजची मागणी करावी.

२/
प्रथम यंत्र समजून घेऊ. या रायफलीत बॅरलखाली, क्वचित दस्त्यात, दुसरी एक बारीक नळी असते. काडतुसे तिच्यात एकामागे एक आडवी रांगेत बसतात आणि स्प्रिंग त्यांना मागे ढकलते. साध्या काडतुसात पेट घेणारी टोपी बुडाच्या मध्यभागी असते. त्यामुळे अणकुचीदार गोळी पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकली, तर नळीतच बार उडण्याचा धोका. रिमफायर काडतुसात ज्वालाग्राही मिश्रण बुडाच्या कडेत भरलेले असते, मध्यभाग निष्क्रिय. म्हणून नळी आणि .२२ यांची जोडी इतकी जमली.

३/
या जोडीचा इतिहास थोडक्यात असा. फ्रान्समध्ये फ्लोबेरने १८४५ च्या सुमारास दिवाणखान्यातील नेमबाजीसाठी कडेवर पेटणारे छोटे काडतूस तयार केले. १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसनने .२२ शॉर्ट काडतुसाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. १८६० मध्ये हेन्रीने १६ काडतुसे मावणाऱ्या नळीच्या रायफलीचे पेटंट घेतले. १८८७ मध्ये .२२ लाँग रायफल हे काडतूस आले. आजही जगभर तेच वापरतात. १८९० मध्ये ब्राउनिंग बंधूंच्या आराखड्यावर विंचेस्टरने पुढची मूठ मागेपुढे सरकवून चालणारी .२२ काढली आणि ती अमेरिकन जत्रांतील नेमबाजीच्या दुकानांत जाऊन बसली. चार पैसे द्यावेत, पत्र्याची बदके पाडावीत!

४/
त्याच दशकांत आपल्याकडे काय चालले होते? ऑक्टोबर १८५७ मध्ये नांदूर शिंगोटे येथे भागोजी नाईकांच्या भिल्लांशी झालेल्या चकमकीत नगरचा पोलीस अधिकारी लेफ्टनंट हेन्री गोळी लागून मरण पावला. हे गाव आज नाशिक जिल्ह्यात असले, तरी तो स्वतंत्र जिल्हा १८६९ मध्ये झाला. तेव्हा हा मुलूख नगरच्याच कारभारात होता. उठावानंतर सरकारने शस्त्रे गोळा करण्याचे कायदे केले आणि १८७८ मध्ये लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रकायदा आला. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. रयतेचा शब्द आणि रयतेची बंदूक, दोहोंविषयीची भीती एकच होती.

५/
१८७८ च्या कायद्याचा खरा डंख त्याच्या सवलतींत होता. युरोपियनांना परवान्यातून सूट होती. सामान्य हिंदी माणसाला नव्हती. हा वांशिक भेद १९२० च्या नियमांनी हटवला. तोवर दोन पिढ्या गेल्या होत्या. लष्करी छावणीच्या नगरभोवतीच्या माळांवर बंदुकीचा विरंगुळा म्हणजे शिकार, आणि शिकार म्हणजे साहेबांचा, संस्थानिकांचा वा परवाना मिळवू शकणाऱ्या मोजक्यांचा मान. अमेरिकेत ज्या काळात .२२ पोरांच्या हाती खेळण्यासारखी आली, त्या काळात इथे बंदूक हे अधिकाराचे चिन्ह झाले. आजच्या विवाहमिरवणुकीतल्या हवेतल्या गोळीबारातही मला त्याच मानसिकतेचे अवशेष दिसतात.

६/
स्वातंत्र्याने हे चित्र किती बदलले? १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता. १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती सुचवली; ती स्वीकारली गेली नाही. त्यानंतर आला १९५९ चा शस्त्रकायदा. त्याच्या मूळ कलम १३ मध्ये पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक आणि मान्यताप्राप्त क्लबच्या सदस्याला नेमबाजीच्या सरावासाठी .२२ रायफल वा एअर रायफल, अशी स्पष्ट तरतूद होती. म्हणजे .२२ चे नाव कायद्यानेच घेतले होते, पण क्लबच्या दारातून.

७/
म्हणून आपल्या जत्रेत विंचेस्टर आली नाही, फुगे आले. मढीच्या कानिफनाथांची यात्रा असो वा मोहट्याची, फळीवर रंगीत फुगे लावलेले आणि दोरीने बांधलेली एअरगन ठेवलेले दुकान कोणी पाहिले नाही? प्रत्येक वेळी बंदूक मोडायची, एक छर्रा घालायचा, नेम धरायचा. या दुकानाकडे मी उपहासाने पाहत नाही. अमेरिकन जत्रेतील नळीच्या रायफलीने जे काम केले, तेच काम इथे परवान्याविना चालणाऱ्या हवेच्या बंदुकीने केले. सामान्य माणसाची नेमबाजीची हौस कायद्याने राखलेल्या फटीतून वाट काढून तिथवर पोहोचली.

८/
आता निवडीकडे. नळीच्या रायफलीचे गुण खरे आहेत: १४-१५ काडतुसे एकदाच भरता येतात, बाहेर लोंबणारे मॅगझीन हरवत नाही, आणि हाताने चालणाऱ्या काही रायफलींत शॉर्ट, लाँग व लाँग रायफल ही तिन्ही काडतुसे चालतात. मार्लिनची १९६० पासूनची मॉडेल ६० ही जगात सर्वाधिक खपलेल्या .२२ रायफलींपैकी एक. परंतु दोषही तितकेच खरे. भरताना हात बॅरलच्या तोंडाजवळ जातो. रिकामी करणे कटकटीचे. आतली नळी काढून घेतल्यावरही एखादे काडतूस आत अडकून राहू शकते. वारशाने अशी परवानाधारक रायफल घरात आली असेल, तर हा एक दोष जन्मभर लक्षात ठेवावा.

९/
शिकणाऱ्यासाठी माझा निकष एकच: बंदूक रिकामी आहे, हे दुरून दिसले पाहिजे. बोल्ट उघडा असलेली, एकेक काडतूस घेणारी रायफल तशी दिसते. एनसीसीच्या कित्येक पिढ्यांनी हाताळलेली .२२ नंबर २ मार्क ४ हे याचे उत्तम उदाहरण. पहिल्या महायुद्धातील ली-एनफिल्डचे ते .२२ मध्ये केलेले रूपांतर. तिच्याखाली मॅगझीनची पेटी दिसते, पण ती काडतुसे पुरवीत नाही. उडालेली रिकामी पुंगळी तिच्यात पडते. लष्करी रायफलीलाही शिकवताना एकेरी करावी लागली, हा इतिहासाचा निर्वाळा पुरेसा आहे.

१०/
ऑलिंपिकमधील ५० मीटर रायफल स्पर्धाही .२२ रिमफायरवर, एकेक काडतूस भरूनच चालते. तिथे दहाचे वर्तुळ अवघ्या १०.४ मिलिमीटरचे असते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला याच अंतरावर जगज्जेत्या झाल्या. त्याच जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले. या यशात काडतुसांच्या संख्येचा वाटा शून्य. पुढची १४ काडतुसे नळीत वाट पाहत असतील, तर चुकलेल्या नेमाची खंत फार टिकत नाही. एकच काडतूस असले की श्वास आपोआप सावरला जातो.

११/
यावर आक्षेप येईल: वसाहतीचा कायदा अन्यायी होता म्हणता, मग आजचे निर्बंध का मान्य करता? कारण १८७८ चा अन्याय भेदभावाचा होता. नियमन हाच अन्याय नव्हे. ज्या माळावर पूर्वी काळविटांच्या शिकारी होत, त्याच कर्जत तालुक्यात १९८० पासून रेहेकुरीचे अभयारण्य आहे आणि काळवीट जिवंत आहेत ते १९७२ च्या वन्यजीव कायद्यासारख्या निर्बंधांमुळेच. माझी तक्रार वेगळी आहे. कायद्याने उघडे ठेवलेले क्लबचे दार खेड्यातल्या मुलाला दिसतच नाही. परवान्याला वयाची २१ वर्षे लागतात. प्रशिक्षणाला सवलत आहे, पण प्रशिक्षण मिळायला जागा तर हवी!

१२/
जागा नसेल तर हौस मरत नाही, वाट बदलते. गावठी कट्टा कमरेला लावून रील काढणारी आणि मग शस्त्रकायद्याखाली कोठडीत जाणारी पोरे आपल्याच वयाची आहेत. त्यांना उपदेशाहून १० मीटरची एक भिंत, चार एअर रायफली आणि एक प्रशिक्षक अधिक उपयोगी पडेल. २०१६ च्या नियमांनुसार .१७७ बोअरपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंतच्या हवेच्या बंदुकीला शस्त्रपरवान्याची गरज नाही. तालुक्याच्या महाविद्यालयांनी एवढे केले, तरी फुग्यांच्या दुकानापासून ५० मीटरच्या रेंजपर्यंत एक पायरी तयार होईल. परदेशी रायफलींच्या तुलना जरूर वाचा. मात्र पुढच्या विद्यार्थी परिषदेत किंवा ग्रामसभेत मागणी करा ती या पायरीची.