बेलूरचें देऊळ कोणाचें?

आमच्या पुष्कळ बंधूंची बेलूर-हळेबीडची यात्रा मोटारीनें दोन तासांत उरकते. होयसळ राजा विष्णुवर्धनानें सन १११७ त चेन्नकेशवाचें देऊळ उभारलें, एवढें वाटाड्या सांगतो. दक्षिणा पडते आणि मंडळी फिरतात. पण मान वर करून मदनिकांच्या पीठांकडे पाहावें. तेथें कानडी अक्षरांत कारागिरांचीं नांवें आहेत : बळ्ळिगावीचा दासोज, त्याचा पुत्र चावण. कित्येकांनीं तर प्रतिस्पर्ध्यांस धाक घालणारीं बिरुदेंहि कोरलीं आहेत. ह्याला म्हणावें स्वाभिमान! सोमनाथपुरास मल्लितम्माची सही अशीच जागोजाग आढळते.

राजानें द्रव्य दिलें, हें कोण नाकारतो? पण खाणींतून निघतांना मऊ असणारा तो दगड कठीण होण्यापूर्वीं त्यांतून बांगडीची कड न् कड सोडविण्याची विद्या कोणाच्या हातीं होती? छिन्नी धरणाऱ्यास शास्त्र कळत नाहीं, असें आम्हांस पिढ्यान् पिढ्या ऐकविलें गेलें; आणि आम्हीहि तें मुकाट्यानें ऐकलें!

सन २०२३ त युनेस्कोनें हीं तिन्ही ठिकाणें जागतिक वारशांत घेतलीं. आतां गर्दी वाढेल. मुलांस घेऊन जाल तेव्हां वाटाड्यास आधीं दासोजाची मदनिका दाखविण्यास सांगा. राजाचें नांव तो न विचारतांहि सांगेल.